दुसऱ्या पंगतीचं विष

१

सुभद्रा खटावकरचं प्रेत अजून सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत होतं, आणि तिचा नवरा भास्कर पायरीवर उभा राहून अर्ध्या देवासला ऐकू जाईल असा ओरडत होता, "माझ्या बायकोला विष घातलंय! आणि घालणारी माझ्याच घरात भाकऱ्या थापतेय!"

डॉक्टर प्रमोदिनी सप्रे आत हात धूत होती. दवाखान्याच्या जनाना विभागात ती नवीनच लागली होती. सुभद्रा तिचीच रोगी. कावीळ म्हणून आली, दोन आठवडे रेंगाळली, मग भ्रमिष्टासारखं बोलू लागली आणि गेली. मोठ्या डॉक्टरांनी प्रेत उघडलं तेव्हा प्रमोदिनी शेजारी उभी होती. यकृत आक्रसून गेलं होतं, पिकल्या फळासारखं मऊ आणि पिवळं.

ठाणेदार विश्वासराव शितोळे टोपी काखेत धरून आत आले. देवासची दोन संस्थानं होती तेव्हा ते धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या राजाच्या, फौजेत होते. आता मध्यभारत पोलिसात, पण बोलणं अजून घोड्यावर बसल्यासारखं.

"डॉक्टरीणबाई, एक ओळ लिहून द्या. रोग की विष? रोग म्हणाल तर मी घरी जातो. विष म्हणाल तर धाकट्या सुनेला उचलतो."

"आणि माहीत नाही असं लिहिलं तर?"

"तर भास्कर भियाच्या बोलण्यावर उचलतो. बाहेर गर्दी बघितलीत ना? कुणालातरी उचलल्याशिवाय ती हटायची नाही."

भास्कर आत आला होता. डोळे लाल, पण बोलणं मुद्देसूद. खटावकर म्हणजे दरबारचे शिंपी. कापड किती लागतं ते सांगावं तसं त्याने सांगितलं.

"आमच्यात आधी पुरुष जेवतात, मागनं बायका. तेच वरण, तीच भाजी. मी, बाबा आणि धाकटा भाऊ विठोबा तिघं ठणठणीत. आमच्या मागनं बसलेल्या तिघी, आई, बहीण कमल आणि माझी सुभद्रा, तिघी पिवळ्या पडल्या. आता सांगा बाई, दोन पंगतींच्या मध्ये चुलीपाशी कोण असतं? विठोबाची बायको, मैना. आणि त्याच पंगतीत जेवून मैनेला काय झालंय? काही नाही. गालावर लाली आहे तिच्या."

 हीच गोष्ट प्रमोदिनीलाही टोचत होती. गढूळ पाण्याने कावीळ होते, पण पाणी काही बाई आणि पुरुष पाहून बाधत नाही. आणि यकृताची अशी दशा करणारं एक विष तिला पक्कं ठाऊक होतं.

"भास्कर, दुकानात कापड उंदरांपासून कसं सांभाळता?"

"मलम आहे ना. डबीतलं." तो थांबला. त्याचा चेहरा उतरला. "त्यात फॉस्फरस असतो, असं दुकानदार म्हणाला होता."

"ती डबी आणा."

डबी आली. रघुजी खटावकर, भास्करचे वडील, ती हातात धरून स्वतः आले होते. त्यांनी ती नुकतीच नवी विकत घेतली होती. प्रमोदिनीने झाकण काढलं. निम्मं मलम कुणीतरी चमच्याने खरवडून नेलं होतं.

२

"मला थोडा वेळ द्या," ती विश्वासरावांना म्हणाली. "आणि तोवर त्या मुलीला हात लावू नका."

"वेळ देतो. पण घरावर शिपाई बसवतो. पळाली तर तुमच्या नावावर."

खटावकरांचं घर माताजीच्या टेकडीखालच्या गल्लीत होतं. पुढे दुकान, त्यात तीन मशिनी आणि खाकी कापडाचे तागे. मधे बायकांच्या खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. नवरात्र नुकतंच उतरलं होतं. टेकडीवरच्या जत्रेची धूळ अजून दारातल्या पायपुसण्यावर होती.

सासू सगुणाबाई बाजेवर पडून होत्या. अंगाने थोराड, पण कातडी हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी. कोपऱ्यात मैना भांडी घासत होती. तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं, आणि तरी सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच होतं.

"काय खाल्लंत आज?" प्रमोदिनीने विचारलं.

"शेजारणीने पेज दिली," सगुणाबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "घरचं खायचं नाही, असं भास्कर म्हणतो. पोरगा म्हणतो तर ऐकायला हवं."

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्याला कोण विचारतं बाई? एक सून गेली माझी. चांगली होती. तोंडाळ होती, पण चांगली होती."

सोळा वर्षांची कमल उठून बसण्याइतकी बरी झाली होती. हिंदी शाळेत शिकणारी, मराठी बोलताना निम्म्यात हिंदीत घसरणारी.

"आधी काय झालं तुला?"

"आधी ना, गुडघे और मनगटं अशी दुखली की चोटी पण घालता येईना. आणि अंगभर गांधी. खाज, खाज! आई म्हणाली पित्त उठलंय. फिर खाना देखकर उलटी. मग पिवळी. विठूदादा म्हणतो, बसंत पंचमीला तुला वेगळी साडी नको." ती हसली आणि लगेच ओशाळली. "थोरल्या वहिनीचं पण असंच सुरू झालं होतं. आधी सांधे, मग गांधी."

"पोटात आग? तोंडाला लसणीसारखा वास?"

"नाही हो. लसूण तर डोळ्यांपुढे नको वाटायची."

प्रमोदिनी मनाशी बोलली, हे उंदराच्या मलमासारखं नाही. फॉस्फरस आठवडे आठवडे सांधे दुखवत बसत नाही. आधी पोट जाळतो. मग डबीतलं मलम कुठे गेलं?

"कमल, मैना वहिनी कशी आहे?"

कमलने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "अच्छी है. पण काहीतरी लपवते. तिची ट्रंक ती कुणासमोर उघडत नाही."

भिंतीपलीकडून मोठा आवाज आला. काहीतरी लोखंडी जमिनीवर आपटलं होतं. भास्करने मैनेची ट्रंक उपडी केली होती. लग्नातली लुगडी फरशीवर पसरली होती आणि त्यांच्यात एक कागदी पुडी होती, दोऱ्याने घट्ट बांधलेली.

"हे काय आहे?" भास्करने विचारलं.

"मला ठाऊक नाही, भाऊजी," मैना म्हणाली.

ती खोटं बोलत होती. घरातल्या प्रत्येकाला ते कळलं, तिच्या नवऱ्यालासुद्धा. विठोबा दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली आणि दुकानात निघून गेला.

३

पुडीत तपकिरी भुकटी होती. प्रमोदिनीने चिमटीत धरून हुंगली, मग सगळ्यांच्या देखत जिभेच्या टोकाला लावली.

"बाई!" रघुजी ओरडले.

तोंड असं कडू झालं की डोळ्यांत पाणी आलं. "कुटकी," ती म्हणाली. "वैद्य यकृताच्या दुखण्यावर देतात. हिने कुणी मरत नाही."

"यकृताचं औषध," शिपायाने बोलावल्यावर आलेले विश्वासराव सावकाश म्हणाले, "आणि ते जिला दुखणं नाही तिच्याकडे. का बरं? स्वतः विषातून वाचायला? वा. असं आधी कधी पाहिलं नव्हतं."

प्रमोदिनीने मैनेला एकटीला मागच्या अंगणात नेलं. अठरा-एकोणीस वर्षांची सावळी मुलगी. दंडावर आणि मनगटावर गोंदण, हनुवटीवर तीन टिंबं.

"पुडी कुणी दिली?"

मैना पदराने ओले हात पुसू लागली.

"मैना, बाहेर पोलीस बसलाय. तू बोलली नाहीस तर तो तुला घेऊन जाईल."

"जाऊ दे नेऊन," मैना म्हणाली. "तात्यांच्या गळ्याची शपथ घेतलीय मी."

तात्या म्हणजे तिचे वडील. ते धार जिल्ह्यात अमझेऱ्याला असतात, एवढं ती बोलली आणि ओठ मिटले.

घरात न आजारलेली आणखी एक बाई होती. रघुजींची विधवा बहीण, सगळे तिला आक्का म्हणत. आक्का वेगळ्या चुलीवर एकवेळ रांधून खात. त्या माळ ओढत होत्या. प्रमोदिनी समोर बसली तरी माळ थांबली नाही.

"या घरात दोनच बायका धडधाकट आहेत, आक्का. मैना आणि तुम्ही."

"मग मलाही बांधून न्या," आक्का म्हणाल्या. "कुठेतरी न्याल तरी. या घरात मला कोण कुठे बोलावतं? विठोबाच्या लग्नाची वरात दारात आली तेव्हा मी कोठीच्या खोलीत बसून लसूण सोलत होते. हळदीला नको, ओटीला नको, नंतरच्या बायकांच्या बैठकीला नको. मी समोर आले की अपशकुन. नशीब माझं, पिवळ्या पडायलासुद्धा मला कुणी बोलावलं नाही."

"उंदराच्या डबीतलं मलम तुम्ही घेतलंत?"

माळ थांबली.

"माझ्या उपासाच्या पिठात उंदीर पडतात. दादाला किती वेळा सांगितलं. त्याला खाकी कापडाची काळजी, माझ्या पिठाची नाही. घेतलं मी. भाकरीच्या तुकड्यांना लावून बिळांत ठेवलं. जा, बघा."

प्रमोदिनीने पाहिलं. कोठीत बिळाबिळाशी मलम लावलेले वाळके तुकडे होते आणि एका कोपऱ्यात फुगलेला उंदीर. डबीचा हिशेब जुळला. पण त्याने मैना सुटली नाही. विश्वासराव म्हणाले, "विष काय एकच असतं? कण्हेर आहे, धोतरा आहे. प्रश्न विष कोणतं हा नाही. दुसऱ्या पंगतीलाच कसं लागलं, हा आहे. त्याचं उत्तर द्या."

तेवढ्यात दारात टांगा थांबला. कन्नौदचे गोपाळराव उतरले. ते सगुणाबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान, सुभद्रेच्या दुखवट्याला आले होते. एकटेच.

"मावशी नाही आल्या?" कमलने विचारलं.

"कशी येणार?" गोपाळराव धोतराच्या सोग्याने कपाळ पुसत म्हणाले. "महिना झाला, अंथरुणाला खिळलीय. तुमच्यासारखीच. हळदीसारखी पिवळी."

"त्या इथे शेवटच्या कधी आल्या होत्या?" प्रमोदिनीचा आवाज तिलाच परका वाटला.

"विठोबाच्या लग्नाला. वैशाखात. त्यानंतर कन्नौदच्या शिवेबाहेर पाऊल नाही टाकलं तिने."

विश्वासरावांनी टोपी पुन्हा काखेत घेतली. या स्वयंपाकघरातलं विष कन्नौदला कुणाच्या ताटात पडणार?

४

सगळे आदल्या आठवड्यात कोण काय जेवलं ते शोधत होते. प्रमोदिनीला पहिल्यांदाच वाटलं, आपण सगळे चुकीच्या महिन्यात शोधतोय. विष असो की रोग, तो या घरात वैशाखात शिरला आणि भाद्रपद-आश्विनात उगवला. मधला सगळा पावसाळा गप्प बसला. पण वैशाखात चौघींना लागेल आणि मैनेला, आक्कांना, पुरुषांना लागणार नाही, असं काय होतं?

ते कळायचं तर आधी त्या पुडीचं कोडं सुटायला हवं होतं. ती अमझेऱ्याला निघाली. इंदूरला गाडी बदलली, धारला पुन्हा बदलली. धारला कंडक्टर ओरडला, "अरे भिया, जरा सरको, डॉक्टरनी बाई को बैठने दो!" आणि एका शेतकऱ्याने आपली बकरी मांडीवर घेतली.

तात्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मशीन मांडून बसले होते. देवाची वस्त्रप्रावरणं शिवत होते. पुडीचं नाव काढताच त्यांचा पाय मशीनच्या पायदानावरून खाली आला.

"पोरीने सांगितलं?"

"नाही. तिने तुमच्या गळ्याची शपथ पाळलीय. उद्या तुरुंगात जाईल आणि तिथेही पाळेल."

म्हाताऱ्याने सुई कापडात खोचली. "तिच्या आईला जलोदर झाला, बाई. पोटात पाणी. एवढं पोट, आणि हातपाय काड्या. दारूचा थेंब कधी शिवली नव्हती ती. त्याआधी तिची आई, मैनेची आजी, तशीच गेली होती. आणि माझा मोठा मुलगा, मैनेचा भाऊ, पंचविशीत. मला काही झालं नाही. मी बाहेरचा ना. त्यांच्याच घरात आहे ते. वैद्य म्हणाले, पोरीला कुटकी देत राहा, कुणाला सांगू नका, लग्न मोडेल. मी नाही सांगितलं. तुम्ही सांगितलं असतं का?"

प्रमोदिनी मनात मोजू लागली. आजीला, आईला, मुलाला. नवऱ्याला नाही. आईकडून लेकरात उतरणारं काहीतरी. एकदा शिरलं की बाहेर न जाणारं. बाहेरून कुणाला न दिसणारं.

"मैनेला कधी कावीळ झाली होती?"

"कधीच नाही. लहानपणापासून ठणठणीत. सासरी पण सुखात होती हो." तात्यांचा आवाज ओला झाला. "पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा हात पुढे करून दाखवले तिने. तात्या, हे बघा, सासरचं गोंदण. म्हणाली, त्यांच्यात रीत आहे, नवी सून आली की घरच्या सवाष्णींनी आणि लेकींनी तिच्याबरोबर बसायचं, एकाच सुईने एकेक टिंब गोंदून घ्यायचं. म्हणजे ती परकी राहत नाही. सासूनेसुद्धा घेतलं. पहिला मान मला दिला, तात्या, असं म्हणाली."

प्रमोदिनी उठून उभी राहिली.

५

देवासला उतरल्यावर ती आधी कमलला भेटली. कमलने उत्साहाने मनगट पुढे केलं. निळं टिंब होतं, बारीक.

"सब ने करवाया. आई, थोरली वहिनी, कन्नौदची मावशी और मैं. आक्कांना नाही, त्या विधवा ना. थोरली वहिनी म्हणत होती नको, दुखतं. पण मग घेतलं."

"गोंदणारीण कुठली?"

"टेकडीवर बसते ती. पण सुया तिच्या नव्हत्या. आई म्हणाली, शिंप्याच्या घरी दुसऱ्याची सुई कशाला? बाबांच्या खणातून कोऱ्या सुया काढून तिच्या हातात दिल्या. कागदाच्या पाकिटातल्या, चकाचक. त्यांची एकच जुडी बांधून तिने सगळ्यांना गोंदलं."

म्हणजे सुया कोऱ्या होत्या. आणि पहिला मान सुनेचा. प्रमोदिनीला आता सगळं कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं, असंही वाटत होतं.

सगळे दुकानात जमले. बायका दारामागे, पुरुष ताग्यांवर, विश्वासराव मशीनच्या स्टुलावर. सगुणाबाईंना बाजेसकट उंबऱ्यापर्यंत आणलं होतं.

"विष नव्हतं," प्रमोदिनी म्हणाली. "गेल्या लढाईत अमेरिकेच्या शिपायांना एक लस टोचली होती. त्या लशीत माणसाच्या रक्तातलं पाणी होतं. दोन-तीन महिन्यांनी हजारो शिपाई पिवळे पडले. जेवण वेगळं, छावण्या वेगळ्या, पण लस एक. रक्तात एक विषाणू असतो, इतका बारीक की सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाही. तो टोचण्यातून जातो, आणि महिनोन् महिने गप्प बसतो. तुमच्या घरात वैशाखात सुई फिरली. सुनेबरोबर बसून जिला जिला त्या दिवशी टिंब मिळालं ती आजारी पडली. आक्कांना कुणी बोलावलं नाही, त्या वाचल्या. पुरुष बैठकीत नव्हते, ते वाचले. कन्नौदची मावशी टिंब घेऊन गेली आणि कन्नौदला पिवळी पडली. भास्कर, पंगतींचा यात काही संबंध नाही. ज्या बायका गोंदायला एकत्र बसल्या, त्याच जेवायलाही एकत्र बसत होत्या. आपण ताट पाहिलं, मनगट पाहिलं नाही."

भास्करने बाजेवरच्या आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई वाचली. कमल वाचली. माझीच का गेली?"

"समजा, तुमच्या ठाण्यात चोर शिरला," प्रमोदिनी विश्वासरावांकडे वळली, "आणि तो यकृताच्या खोलीत लपला. शिपाई आत घुसले. काही ठिकाणी चोर पकडला जातो आणि खोली वाचते, कमलसारखी. काही ठिकाणी शिपाई इतके पेटतात की चोरासकट खोलीच जाळतात. मला वाटतं, कावीळ हे विषाणूचं काम नाही, आपल्याच शिपायांचं आहे. आधी सांधे दुखले, गांधी उठल्या, ती त्यांचीच धावपळ. सुभद्राबाईंचं शरीर सगळ्यांत जास्त लढलं. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तिला कुणी मारलं नाही, हे लिहून देते."

विश्वासरावांनी मान हलवली. ते समाधानी दिसत होते, आणि म्हणूनच त्यांचा पुढचा प्रश्न बरोबर जागी लागला.

"एक राहिलं. सुईवर ते आलं कुठून? कुणाचं तरी रक्त आधी लागलं असणार. कुणाचं?"

 दारामागे मैना उभी होती. तिच्या हनुवटीवरची तीन टिंबं तेवढी उजेडात होती. भास्कर हळूहळू तिकडे वळत होता.

प्रमोदिनीने तोंड उघडलं. खोटं बोलायची सवय तिला नव्हती आणि खरं बोलायचा धीर होत नव्हता.

"गोंदणारीण टेकडीवरनं आली होती," बाजेवरून आवाज आला. सगुणाबाई कोपरावर उठल्या होत्या. "तिच्या सुईने अर्धं गाव गोंदलंय. कुणाचं रक्त, ते देवीलाच ठाऊक."

कमलने चमकून आईकडे पाहिलं. "पण आई, सुया तर..."

"कमे, आत जाऊन चहाचं बघ."

कमल गेली.

"मग त्या गोंदणारणीला आणू का?" विश्वासरावांनी विचारलं.

"बोलावली मी, बसवली मी. ती पोटासाठी गोंदते. तिला आणायचं तर मला आधी न्या."

"सुई टोचणं हा गुन्हा नाही, ठाणेदारसाहेब," प्रमोदिनी म्हणाली. "आणि कुणाच्या रक्तात काय आहे ते दाखवणारी परीक्षा अजून जगात कुणाकडे नाही." हे मात्र अक्षरशः खरं होतं. "त्या बाईला मी भेटते. दर वेळी सुया उकळून घे, एवढं शिकवते."

विश्वासराव एकदा सासूकडे, एकदा दाराकडे बघत राहिले. जुन्या फौजेतला माणूस. काही दारं ठोठावायची नसतात, हे त्यांना समजत असावं. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि दारातल्या शिपायाला हाक मारली.

६

पुरुष सुभद्रेच्या दहाव्याच्या तयारीला बाहेर गेल्यावर प्रमोदिनी आत आली. मैना बाजेपाशी उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "माझंच ना?"

प्रमोदिनीने सगुणाबाईंकडे पाहिलं.

"सांगा तिला," सगुणाबाई म्हणाल्या. "कोऱ्या सुया मीच दिल्या होत्या. कोऱ्या सुईवर पहिलं रक्त कुणाचं, ते कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही."

"मग खोटं का बोललात?"

"एक सून गेली. दुसरी पण घालवू?"

प्रमोदिनी खाली बसली. "मैना, आईकडून तुला ते जन्मतःच मिळालं असावं. तान्ह्या शरीराला आपलं कोण, परकं कोण, हे अजून कळत नसतं. त्याने त्याला घरचंच मानलं. म्हणून लढाई झाली नाही, म्हणून तू कधी पिवळी पडली नाहीस. पण ते आत आहे. वर्षानुवर्षं थोडं थोडं झिजवतं. तुझ्या आईचं झालं तसं होईलच असं नाही. होऊ शकतं, एवढंच मला माहीत आहे. मूल होईल तेव्हा आधी माझ्याकडे ये. आणि तुला टोचलेली सुई दुसऱ्या कुणाला लागू द्यायची नाही. कधीच."

मैना रडली नाही. पदराची किनार बोटाला गुंडाळत ती सासूला म्हणाली, "मी अमझेऱ्याला जाते, आत्याबाई. भाऊजींना कळलं तर..."

"भास्करला कळणार नाही. डॉक्टरीणबाई बोलणार नाहीत, कमेचं तोंड मी शिवते." सगुणाबाईंनी प्रमोदिनीकडे रोखून पाहिलं. "आता माझं सांगा. कमेच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला. माझ्या का जात नाही?"

प्रमोदिनीने त्यांची पापणी खाली ओढली. तिने ते सकाळीच पाहिलं होतं. पिवळेपणा फिका झाला होता, गेला नव्हता. यकृताची कड बोटांना कठीण लागत होती.

"काहींचे शिपाई चोराला पूर्ण हाकलत नाहीत," ती म्हणाली. "आणि खोली पूर्ण जाळतही नाहीत. भांडण चालूच राहतं."

"म्हणजे मीपण हिच्यासारखी."

"बहुतेक. हिच्यापेक्षा लवकर थकाल."

सगुणाबाई छताकडे पाहत पडून राहिल्या. मैना जागची हलली नाही. जायचं की थांबायचं, हे कुणीतरी सांगेल म्हणून ती वाट पाहत होती.

"तुझी आई गेली तेव्हा तिचं वय काय होतं गं?"

"चाळिशी उलटली होती, आत्याबाई."

"मग तुला पुष्कळ वेळ आहे. मला नाही." त्या उठून बसल्या आणि उशीखाली हात घालून खडूचा तुकडा काढला. "या घरात कापड बेतणं मला येतं, पुरुषांना नुसतं शिवता येतं. सुभद्रेला शिकवणार होते, राहिलं. त्या कोपऱ्यातलं निळं कापड आण, आणि इथे माझ्या उजव्या हाताला बस."